लॉन दर माघात का जळतं? गवत बदलण्याआधी पाणी तपासा

दिवाळीत हिरवंगार असलेलं लॉन संक्रांतीनंतर फिकं पडतं. होळीपर्यंत त्यात टकले डाग दिसायला लागतात आणि माती इतकी कडक होते की ग्रीनच्या (गोल्फच्या खड्ड्याभोवतीच्या अगदी आखूड हिरवळीच्या) कडेला साधा स्क्रूड्रायव्हर बोटभरही आत जात नाही. मे महिन्यात लँडस्केपची एजन्सी गवताच्या नवीन कार्पेटचं कोटेशन देते, जूनमध्ये ते अंथरलं जातं, पावसात तरारतं, श्रावणात क्लबहाऊससमोर सगळ्यांचे फोटो निघतात. पुढच्या माघात पुन्हा तेच.

छत्रपती संभाजीनगरच्या आसपास अशा गेटेड वसाहती आता बऱ्याच झाल्या आहेत. कुठे छोटं गोल्फचं मैदान, कुठे नुसतं सरावाचं पुटिंग ग्रीन, क्लबहाऊस, पोहण्याचा तलाव, चालायचा ट्रॅक. जाहिरातीत हिरवळ असते आणि मेंटेनन्सच्या बिलातही ती असते. आमच्या वसाहतीच्या मैदान समितीत हा प्रश्न दरवर्षी येत होता आणि दरवर्षी उत्तर ठरलेलं होतं: माळी बदला, नाहीतर गवत बदला. दोन्ही करून झालं. डाग तिथेच. ज्यांच्याकडे हेच चाललंय त्यांच्यासाठी कारण शोधायचा क्रम आणि दुरुस्ती इथे लिहितोय.

आधी किरकोळ संशयित बाजूला काढा

पहिली थंडी. आपल्याकडचं बहुतेक लॉन म्हणजे हरळी किंवा हरळीच्याच संकरित जाती. ग्रीनवर टिफड्वार्फ, फेअरवेवर (ग्रीनपर्यंत जाणाऱ्या खेळाच्या लांब पट्ट्यावर) टिफवे 419 वगैरे. हे उन्हाळी गवत आहे. परभणीकडे हिवाळ्यात रात्रीचा पारा 10 अंशांच्या खाली जातो तेव्हा त्याची वाढ थांबते, पातं तपकिरी होतं. हे दुखणं नाही, झोप आहे. ओळख सोपी: थंडीचा फिकेपणा सगळीकडे सारखा असतो आणि फेब्रुवारीत ऊन तापलं की मुळाशी हिरवे कोंब दिसतात. उलट फेब्रुवारीपासूनच डाग वाढत चालले असतील तर थंडीला दोष देऊ नका.

दुसरी हुमणी. शेतकऱ्याला हे सांगायला नको, पण सोसायटीत बहुतेकांना वाटतं की हुमणी फक्त उसात असते. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर भुंगेरे गोळा होतात, जमिनीत अंडी घालतात आणि जुलैपासून दिवाळीच्या आगेमागेपर्यंत अळ्या मुळं खातात. अशा जागी लॉन धरून ओढलं तर सतरंजीसारखं गुंडाळत वर येतं, कारण खाली मुळंच नसतात. साळुंक्या आणि बगळे एकाच जागी चोची मारत असतील तर तिथे फूटभर चौकोन खणून बघा. पाच-सहापेक्षा जास्त अळ्या निघाल्या तर उपाय करायला हवा. मेटारायझियम बुरशी ओल्या मातीत पावसाळ्याच्या सुरुवातीला दिली तर काम करते, मार्चमध्ये कोरड्या जमिनीवर फेकली तर नाही. पुढच्या वर्षासाठी वळवाच्या सरीनंतर प्रकाश सापळे लावा. हुमणीचं नुकसान पावसाळ्यात आणि पावसाळा संपता संपता उघडं पडतं, माघात नव्याने सुरू होत नाही, हे लक्षात ठेवा.

तिसरं, स्प्रिंकलर. एकसारखे रिकामे डबे लॉनवर ओळीने ठेवा, पंधरा मिनिटं पाणी चालू करा, मग पट्टीने उंची मोजा. एका डब्यात दुसऱ्याच्या दुप्पट पाणी असेल तर नोझल तुंबलंय किंवा दाब कमी पडतोय. डाग नेमके कमी पाण्याच्या डब्यांपाशी असतील तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही, प्लंबर बोलवा.

कुत्र्यांचे डाग गोल असतात, त्यांच्याभोवती गडद हिरवी कडा दिसते. गुलमोहराखाली किंवा इमारतीच्या उत्तरेला हरळी कधीच नीट येणार नाही, तिला रोज सहा-आठ तास थेट ऊन लागतं. तिथे लॉनचा हट्ट सोडा. मशिनचं पातं बोथट असेल तर टोकं पांढुरकी, चिंध्या झालेली दिसतात. एवढं बघून झालं आणि डाग अजूनही कोड्यातच असतील, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

ग्लासातलं ढेकूळ

आमच्याकडे खरा धागा माळीमामांनी दिला. ते म्हणाले, "साहेब, पानी मुरंनाच गेलंय. वरच्या वर वाहून जायलंय." एजन्सीच्या सुपरवायझरने हे ऐकून अजून पाणी द्यायला सांगितलं. खरंतर तिथेच थांबून मातीकडे बघायला हवं होतं.

खराब जागेतलं हरभऱ्याएवढं ढेकूळ घ्या, सावलीत पूर्ण वाळवा. चांगल्या जागेतलं तसंच दुसरं. काचेच्या दोन ग्लासांत डिस्टिल्ड वॉटर घ्या. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळतं ते चालतं. पावसाचं स्वच्छ पाणी असेल तर तेही उत्तम. नळाचं किंवा बोअरचं नको, त्यातले क्षार परीक्षा बिघडवतात. ढेकूळ हळूच सोडा, ढवळू नका. दोन तासांनी बघा, मग दुसऱ्या दिवशी सकाळी.

ढेकूळ विरघळल्यासारखं फुटून तळाशी बसलं पण पाणी नितळ राहिलं, तर घाबरू नका, काळी माती असंच करते. पण ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला आणि रात्रभर बसलाच नाही, तर मातीत सोडियम जास्त झालंय. तीच चोपण जमीन. चिकणमातीचे कण एकमेकांना सोडून देतात, बारीक होऊन छिद्रं बुजवतात, पाणी आत जात नाही, हवा जात नाही. वाळलं की कडक, भिजलं की राड.

यावरून जूनमधलं एक कोडंही सुटतं. पहिला मोठा पाऊस पडला की त्याच डागांवर पाणी तुंबतं, जणू खाली प्लास्टिक अंथरलंय. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात आणि चोपण माती अशा पाण्यातच सगळ्यात जास्त विखुरते. म्हणून निचऱ्याची तक्रार जूनमध्ये आणि वाळण्याची तक्रार मार्चमध्ये येते. समिती त्या दोन वेगळ्या समजते आणि दोन वेगळ्या कंत्राटदारांना देते.

वर पांढरी पापडी दिसते पण ग्लासातलं पाणी नितळ राहतं, असंही होतं. तिथे नुसते क्षार साचलेत, सोडियमने माती बिघडलेली नाही. त्याला जिप्समची, म्हणजे कॅल्शियम देणाऱ्या खनिजाच्या भुकटीची, गरज नाही. चांगलं पाणी भरपूर देऊन क्षार खाली धुवावे लागतात आणि त्या पाण्याला खाली वाट लागते.

मीठ येतं कुठून

बेसाल्टातल्या बोअरचं पाणी जड असतं. गीझर खराब होतात, बाथरूमच्या काचेवर पांढरे डाग पडतात, केस गळतात अशी तक्रार असते. म्हणून घरोघरी, किंवा सगळ्या वसाहतीला मिळून एक, सॉफ्टनर म्हणजे पाणी नरम करायचं यंत्र बसतं. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो. त्यातलं रेझिन (ही अदलाबदल करणारे मणी) भरलं की मिठाच्या पाण्याने ते धुतात. एक किलो मिठात जवळपास 400 ग्रॅम सोडियम असतं. 25 किलोचं एक पोतं म्हणजे 10 किलोच्या आसपास. नरम पाण्यातलं सोडियम न्हाणीतून आणि धुण्याचं खारं पाणी मोरीतून, दोन्ही शेवटी एसटीपीत, म्हणजे वसाहतीच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, जातात. एसटीपी घाण काढतो, वास काढतो. विरघळलेलं मीठ काढत नाही. ते आरओशिवाय निघत नाही. आणि एसटीपीचं पाणी जातं कुठे? लॉनवर.

यात विरोधाभास असा की ज्या जड पाण्याला सगळे शिव्या घालतात, ते मातीच्या दृष्टीने बरं असतं. आकड्यात बघा. समजा बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून लिटरला 12 मिलीइक्विव्हॅलंट आहे आणि सोडियम 4. सोडियमचं गुणोत्तर, ज्याला प्रयोगशाळा एसएआर म्हणते, दीडच्या थोडं वर येतं. 10 च्या आत म्हणजे निर्धोक मानतात. तेच पाणी सॉफ्टनरमधून काढलं, कॅल्शियम-मॅग्नेशियम 1 वर आलं, सोडियम 15 झालं, की एसएआर 21 च्या पुढे जातो. एसटीपीत सगळं मिसळतं त्यामुळे प्रत्यक्ष आकडा मधे कुठेतरी असेल, पण दिशा कळली.

टीडीएस मीटर इथे काहीच कामाचा नाही. त्याला एकूण क्षार कळतात, कॅल्शियमचे की सोडियमचे ते कळत नाही. सॉफ्टनरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी मोजा, आकडा जवळपास तोच येतो. आमच्या बैठकीत एकाने हाच मीटर दाखवून "पाणी ओके आहे" असं जाहीर केलं होतं, आणि टाळ्याही मिळाल्या.

पोहण्याच्या तलावाकडेही बघा. मिठावर चालणारा क्लोरिनेटर असेल तर तलावातच लिटरला तीन-चार ग्रॅम मीठ असतं. फिल्टरच्या बॅकवॉशचा पाइप बहुतेक ठिकाणी सोयीने शेजारच्या हिरवळीत सोडलेला असतो. क्लबहाऊसजवळच डाग जास्त का, याचं उत्तर कधीकधी त्या एका पाइपात असतं.

आता वर्षाचं चक्र जुळवा. पावसाळ्यात मीठ थोडंफार धुतलं जातं, पाणी द्यावं लागत नाही, गवत खूश. दिवाळीनंतर एसटीपीचं पाणी सुरू होतं. ऊन वाढतं, पाणी उडतं, मीठ राहतं. माघात डाग. नवीन कार्पेट जूनमध्ये लावल्यामुळे श्रेय कार्पेटला जातं. ते पावसाचं असतं.

"रिपोर्ट तर नॉर्मल आला"

बऱ्याच समित्या इथे फसतात. माती तपासली असं सांगतात आणि मृदा आरोग्य पत्रिकेसारखा कागद पुढे करतात. त्या पत्रिकेत 12 गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. सोडियम नाही. शेतीसाठी ती पत्रिका ठीक, तुमचा चोर तिच्यात सापडणार नाही.

कृषी विज्ञान केंद्रात, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किंवा जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत चौकशी करताना मातीसाठी विनिमयक्षम (मातीच्या कणांना चिकटलेल्या) सोडियमची टक्केवारी आणि जिप्समची गरज मागा. पाण्यासाठी सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि त्यावरून एसएआर व आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्तीचं कार्बोनेट-बायकार्बोनेट). मातीत सोडियमची टक्केवारी 15 च्या वर गेली की जमीन चोपण धरतात; आपल्या भारी काळ्या मातीत त्याच्या आधीच त्रास जाणवतो. पाण्याचा आरएससी 1.25 पर्यंत ठीक, 2.5 च्या वर गेलं तर ते पाणी तसंच देऊ नये. नमुने तीन घ्या: कच्चं बोअर, एसटीपीचा शेवटचा हौद आणि प्रत्यक्ष स्प्रिंकलरच्या तोंडचं पाणी. शेवटचा नमुना आग्रहाने घ्या, कारण टँकरचं पाणी कुठल्या हौदात कधी सोडतात हे फक्त पंप चालवणाऱ्यालाच माहीत असतं.

दुरुस्ती

आधी मीठ थांबवा. नाहीतर जिप्सम म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणं.

सॉफ्टनर धुतल्याचं खारं पाणी एसटीपीत जाऊ देऊ नका. त्याची वेगळी लाइन काढून अस्तर लावलेल्या उथळ हौदात सोडा आणि उन्हात वाळू द्या. ऊन तर आपल्याकडे भरपूर आहे. बोअरच्या पुनर्भरण खड्ड्यात किंवा पावसाच्या नालीत ते सोडणं म्हणजे दुखणं शेजारच्या शिवारात पाठवणं. घरात सॉफ्टनर गीझर आणि वॉशिंग मशिनच्या लाइनपुरता ठेवता येतो. फ्लश, अंगण, गाडी धुणं यांना कच्चं पाणी पुरतं. यावर सभेत वाद होणार हे गृहीत धरा. "मीठ आम्ही आमच्या पैशाने आणतो" हे वाक्य येईल. त्याला उत्तर म्हणून दरवर्षीच्या कार्पेटचं बिल सभेच्या अजेंड्याला जोडा.

मग एसटीपीच्या पाण्यात कच्चं बोअरचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी मिसळा. किती, ते वरच्या तपासणीवरून ठरेल. आठवड्यातून एखादं पाणी पूर्णपणे कच्च्या बोअरचं दिलं तरी फरक दिसतो, अर्थात त्या बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट चांगला असेल तर.

जिप्समची वेळ म्हणजे मृगाची पहिली सर पडून गवताने जोर धरला की. आधी पोकळ दात्यांच्या मशिनने लॉनला भोकं पाडायची, मातीच्या निघालेल्या कांड्या गोळा करायच्या, मग बारीक दळलेलं शेतीचं जिप्सम पसरायचं. चौरस मीटरला पाव किलो हा एका वेळचा बेताचा डोस आहे. एकूण गरज रिपोर्टवरून घ्या आणि दोन-तीन हप्त्यांत द्या. जिप्सम पाण्यात सावकाश विरघळतं, त्याला पाऊस लागतो. कॅल्शियम सोडियमला ढकलून बाहेर काढतं, पाऊस त्याला खाली नेतो. एप्रिलच्या उन्हात कोरड्यावर फेकलेलं जिप्सम पांढरी भुकटी म्हणून पडून राहतं आणि मग "जिप्समचा काही उपयोग होत नाही" असं ऐकायला मिळतं.

आपल्या मातीत चुनखडी असते, त्यामुळे गंधकही चालतं. जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि मातीतलाच चुना विरघळून कॅल्शियम मोकळं होतं. स्वस्त पडतं, पण महिने लागतात. चुनखडीमुळे शिरा हिरव्या आणि मधलं पातं पिवळं दिसत असेल तर तो लोहाचा तुटवडा. फेरस सल्फेट लिटरला 5 ग्रॅम संध्याकाळी फवारा, चार दिवसांत रंग येतो. तो रंग आला म्हणून सोडियमचं काम झालं असं समजू नका.

आणि पिवळेपणावर युरिया नको. मार्चच्या उन्हात, खाऱ्या मातीत युरिया म्हणजे अजून एक मीठ.

ग्रीनचा हिशोब वेगळा

गोल्फचं ग्रीन मातीवर नसतं, वाळूवर असतं. अमेरिकन गोल्फ संघटनेने 1960 मध्ये घालून दिलेल्या रचनेत वर साधारण 30 सेंटीमीटर वाळूचं मिश्रण, खाली 10 सेंटीमीटर खडी आणि त्याखाली निचऱ्याचे पाइप. त्यावर गवत 3-4 मिलिमीटरवर कापलं जातं. इतकं आखूड गवत मुळाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली तरच जगतं.

आपल्याकडे ग्रीनची माती झाली की ती कशाने झाली हे बहुतेक वेळा एकाच गोष्टीत सापडतं: गाळ. 2017 मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना सुरू झाल्यापासून तलावातला गाळ शेतात टाकायचं सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. कापसाच्या हलक्या रानाला तो सोन्यासारखा. पण लॉनचा कंत्राटदार तोच गाळ "पोयटा" म्हणून ग्रीनवर पसरतो आणि वाळूची सगळी छिद्रं चिकणमातीने बुजतात. ग्रीनवर फक्त वाळू, तीही गाळलेली. निदान 60 टक्के कण पाव ते एक मिलिमीटरचे असावेत. क्रश सँड घेत असाल तर धुतलेली घ्या, नाहीतर तिच्यातली भुकटी गाळाचंच काम करते. तपासायला बाटलीत निम्मी वाळू, वर पाणी, जोरात हलवून तासभर ठेवा. वर चिखलाचा जाड थर बसला तर ट्रक परत पाठवा.

आधीच गाळ पडला असेल तर भोकं पाडून, निघालेली माती उचलून, त्या भोकांत कोरडी वाळू भरायची. एका पावसाळ्यात होत नाही. थर तीन-चार बोटांपेक्षा जाड असेल तर वरचा भाग खरवडून नव्याने करणं स्वस्त पडतं.

किती हिरवं ठेवायचं

एक एकर म्हणजे 4,047 चौरस मीटर. उन्हाळ्यात हरळीला दिवसाला 5 मिलिमीटर पाणी धरलं तर एकराला रोज 20 हजार लिटर, म्हणजे 10 हजारांचे दोन टँकर. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं, त्या मराठवाड्यात आपण हा हिशोब करतोय. माझं मत स्पष्ट आहे: ग्रीन आणि टी (पहिला फटका मारायची जागा) एवढंच वर्षभर हिरवं ठेवा. फेअरवे साध्या हरळीवर सोडा, मार्चनंतर वाळू द्या, पाऊस पडला की ती मुळातून फुटते. कडेच्या रफमध्ये (न कापलेल्या वाढत्या गवतात) मारवेल, पवन्या ही आपलीच गवतं राहू द्या. देशातल्या कोरड्या भागांत पूर्वी ग्रीनऐवजी वाळू-तेलाचे ब्राऊन असत आणि लोक त्यावरही मजेत खेळत. क्षेत्र कमी झालं की एसटीपीच्या पाण्यात कच्चं पाणी मिसळणंही परवडतं.

चालायच्या ट्रॅकचे पेव्हर उचलले-खचले तर त्याचंही मूळ काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्यात आहे. कडेच्या लॉनचं पाणी ट्रॅकखाली जाऊ देऊ नका, खाली मुरुमाचा चांगला थर दाबून घ्या. वरून ब्लॉक बसवत राहण्यात दरवर्षी मिस्त्रीचं भलं होतं.

दुरुस्ती चालतेय की नाही हे रंगावरून ठरवू नका. ऑक्टोबरमध्ये त्याच जागेचं ढेकूळ पुन्हा ग्लासात सोडा आणि फेब्रुवारीत एकदा. ढग पातळ झाला असेल तर पुढच्या मृगात जिप्समचा हप्ता चालू ठेवा. दोन पावसाळ्यांनंतरही पाणी तसंच दुधाळ असेल आणि सॉफ्टनरची लाइन खरोखर वेगळी झालेली असेल, तर सुटलेल्या सोडियमला खाली वाट नाही. तिथे लॉनखाली उताराने सच्छिद्र पाइप टाकून पाणी बाहेर काढावं लागतं. चर खणायचं काम जमीन भेगाळलेली असताना, म्हणजे एप्रिल-मेमध्येच उरकून घ्या.